कलापत्रकारिता

कलापत्रकारिता : चित्र, शिल्प, मुद्राचित्रण, छायाचित्रण, उपयोजित कला इ. दृश्यकलांच्या क्षेत्रातील घडामोडींची माहिती, परिचय, परीक्षण व चर्चा वृत्तपत्रे आणि नियतकालिके यांच्याद्वारा सर्वसाधारण वाचकापर्यंत पोहोचविणारी पत्रकारितेची एक शाखा. प्रदर्शनाचे वृत्त, कलावंताची मुलाखत, निधनानंतरचा परिचयलेख, कलासंस्थांच्या कारभाराची चर्चा, कलाविषयक स्तंभलेखन तसेच विशेषांक व वार्षिके यांचे संपादन या सर्वांचा तीत समावेश होतो. महाराष्ट्रात मुंबई हे तिचे प्रमुख केंद्र होय; तथापि कलावंत, नियतकालिके व लोकाश्रय यांचे परस्परसंबंध लहान परिघात स्पष्टपणे दिसून येतात, ते कोल्हापूरसारख्या शहरात. म्हणून प्रस्तुत नोंदीत सामान्य विवेचनानंतर कोल्हापूरचा परामर्श काहीसा विस्ताराने घेतला आहे.

स्वरूप : कलेतिहास, सौंदर्यशास्त्र व कलासमीक्षा यांच्याशी कलापत्रकारितेचे निकटचे नाते असले, तरी ती त्यांपैकी कोणत्याही एकात सामावत नाही. कलेतिहासकार घडून गेलेल्याचा अन्वयार्थ लावतो. सौंदर्यशास्त्रज्ञ कलानुभवाच्या स्वरूपाची तात्त्विक मीमांसा करतो. कलासमीक्षक कलाकृतीचे मूल्यमापन करतो. कलापत्रकार मात्र समोर घडत असलेल्या गोष्टीविषयी, ठराविक मुदतीत, मर्यादित जागेत आणि ज्या वाचकाने ती कलाकृती पाहिलेली नाही, कदाचित कधी पाहणारही नाही, त्याच्यासाठी लिहितो. साहित्याच्या परीक्षणाचा वाचक पुस्तक मिळवून वाचू शकतो. चित्रप्रदर्शन बहुधा आठवडाभरात संपते, चित्रे विकली जातात किंवा चित्रकाराच्या घरी परत जातात आणि पुन्हा एकत्र दिसण्याची शक्यता फारशी उरत नाही. त्यामुळे अनेकदा चित्रांचे कायमस्वरूपी वर्णन म्हणून वृत्तपत्रातील एक स्तंभच शिल्लक राहतो. कलापत्रकाराच्या जबाबदारीचे मूळ या वस्तुस्थितीत आहे. त्याचा अभिप्राय कालांतराने जुना होतो. त्याने नोंदविलेली तारीख, माध्यम, आकारमान, विषय व वर्णन यांचे मोल मात्र काळाबरोबर वाढत जाते.

कार्यपद्धती : कलापत्रकाराचे काम प्रदर्शनाच्या दालनात सुरू होत असले, तरी तेथेच संपत नाही. सूचिपत्र वाचणे, त्यातील शीर्षके व माध्यमे प्रत्यक्ष चित्रांशी पडताळून पाहणे, कलावंताच्या आधीच्या कामाशी तुलना करणे, शक्य तर त्याच्या चित्रशाळेस भेट देणे व जुनी कात्रणे चाळणे ही त्याची नित्याची कामे होत. जलरंग व अपारदर्शक जलरंग, तैलरंग व ॲक्रिलिक रंग, अम्लरेखन व शिलामुद्रण, ब्राँझचा ओतीव पुतळा व प्लॅस्टरवर दिलेली ब्राँझची छटा यांतील भेद डोळ्यांना कळण्याइतके तांत्रिक ज्ञान त्याच्या ठायी असावे लागते. यामुळेच मराठीत या क्षेत्रात आलेल्या लेखकांपैकी अनेकजण मुळात चित्रकार किंवा कलाशिक्षक होते. दुसरा प्रवाह साहित्य व पत्रकारिता यांतून आला. पहिल्या वर्गाच्या लेखनात हाताच्या कामाची जाण, तर दुसऱ्या वर्गाच्या लेखनात विचारांची मांडणी व भाषेचा सफाईदारपणा प्रकर्षाने आढळतो. दोन्ही गुण एका ठिकाणी येणे ही विरळा गोष्ट होय.

या व्यवसायात प्रवेश करण्याचा ठरीव मार्ग नाही. कलाशाळेतील पदविका वा पदवी, कलेतिहासाचे अध्ययन किंवा वृत्तपत्र-कार्यालयातील उमेदवारी यांपैकी कोणत्याही वाटेने लेखक या क्षेत्रात येतो. मराठी वृत्तपत्रांत केवळ कलाविषयक लेखनासाठी पूर्णवेळ नेमणूक होणे दुर्मिळ असल्याने अध्यापन, संकल्पन वा सर्वसाधारण वार्ताहरकी यांवर उपजीविका करून हे लेखन करणाऱ्यांचीच संख्या मोठी राहिली आहे.

भाषेचा प्रश्न : मराठीत दृश्यकलेविषयी लिहिताना परिभाषेची अडचण प्रारंभापासून जाणवत आली. छायाप्रकाश, पोत, अवकाश, रचना, आकृतिबंध, रंगलेपन, यथादर्शन इ. शब्द आज रूढ वाटत असले, तरी ते स्थिर होण्यास लेखकांच्या एकाहून अधिक पिढ्या लागल्या. पत्रकार व संपादक प्रभाकर पाध्ये (१९०९–८४) यांचा कलेची क्षितिजे (१९४२), बा. सी. मर्ढेकरांचा सौंदर्य आणि साहित्य (१९५५) व द. ग. गोडसे (१९१४–९२) यांचा पोत (१९६३) या ग्रंथांनी कलाविचारासाठी समर्थ गद्य उपलब्ध करून दिले. तथापि रोजच्या वृत्तपत्रात त्या परिभाषेचा वापर बेताने करावा लागतो. चित्राविषयी काही न सांगता केवळ पारिभाषिक शब्दांची आरास मांडणारे लेखन आणि ‘चित्रे मनोवेधक होती’ एवढ्यावर संपणारे लेखन हे दोन्ही दोष मराठी कलापत्रकारितेत आढळतात. दोहोंचे कारण एकच, ते म्हणजे चित्राकडे पुरेसा वेळ न पाहणे.

चित्रमुद्रण : दृश्यकलेविषयीचे लेखन चित्राच्या प्रतिकृतीवाचून अपुरे राहते, म्हणून कलापत्रकारितेचा इतिहास बऱ्याच अंशी मुद्रणतंत्राचा इतिहास आहे. लाकडी ठसे व शिलामुद्रण यांच्या काळात मूळ चित्राची छापील आवृत्ती म्हणजे कारागिराने हाताने केलेले रूपांतर असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन पद्धतीचा प्रसार झाला. तीत छायाचित्रण करताना सूक्ष्म रेषांची जाळी वापरून चित्रातील छटांचे लहानमोठ्या ठिपक्यांत विभाजन केले जाते. वृत्तपत्राच्या खरखरीत कागदासाठी इंचाला सु. ५५ ते ८५ रेषांची, तर गुळगुळीत आर्ट पेपरसाठी सु. १२० ते १५० रेषांची जाळी वापरीत. वृत्तपत्रातील प्रतिकृतीत जलरंगांचे तरल थर हरवत आणि गडद तैलचित्र काळ्या डागासारखे दिसे, त्याचे कारण हेच होय. भारतात या पद्धतीचा पायाभूत अभ्यास कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) यांनी केला. प्रवासी (१९०१) व मॉडर्न रिव्ह्यू (१९०७) या रामानंद चतर्जी संपादित मासिकांतून बंगाल शैलीतील चित्रांच्या रंगीत प्रतिकृती देशभर पोहोचल्या. दूर अंतरावरील वाचकाच्या मनात एखाद्या कलाचळवळीची प्रतिमा मासिकांमुळे कशी ठसते, याचे हे ठळक उदाहरण होय.

रंगीत ठशांचा खर्च मोठा असल्याने रंगीत चित्र कोणाचे द्यावे, हा संपादकाचा निर्णय कलावंताच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑफसेट मुद्रण व त्यानंतर संगणकीय रंगविभाजन आल्यावर हा खर्च तुलनेने आटोक्यात आला. परंतु छापलेल्या रंगांचे मूळ चित्राशी साम्य राखण्यासाठी डोळसपणे तपासणी करणे हे संपादकाचे काम कायम राहिले आहे.

महाराष्ट्रातील विकास : मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची आणि १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली. सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांमुळे इंग्रजी वृत्तपत्रांत कलावृत्ते नियमितपणे येऊ लागली. १९२० नंतर बॉम्बे क्रॉनिकलमधून कन्हय्यालाल वकील यांनी मुंबईच्या कलाशैलीचा हिरीरीने पुरस्कार केला. १९३३ मध्ये जर्मनीहून मुंबईस आलेले रूडॉल्फ फोन लायडन यांच्या टाइम्स ऑफ इंडियातील लेखनाचे साहाय्य पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या (१९४७) तरुण चित्रकारांना झाले. मुल्कराज आनंद यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या मार्ग या नियतकालिकाने कलाविषयक संपादनाचा एक मानदंड निर्माण केला.

मराठीत स्वतंत्र कलानियतकालिकाची परंपरा दीर्घकाळ निर्माण होऊ शकली नाही. कलेला जागा मिळाली ती सर्वसामान्य मासिकांत. का. र. मित्र यांच्या मनोरंजन (१८९५) मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला आणि सचित्र वार्षिकाची एक खास मराठी प्रथा सुरू झाली. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी किर्लोस्कर (१९२०), स्त्री (१९३०) व मनोहर (१९३४) या मासिकांचे संपादन करताना मुखपृष्ठ, मांडणी व व्यंगचित्रे यांना मजकुराच्या बरोबरीचे स्थान दिले. किर्लोस्करवाडीसारख्या आडगावच्या कारखानावसाहतीतून निघणाऱ्या या मासिकांनी ग्रामीण वाचकाच्या घरात चित्रदृष्टी नेली. चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–७१) यांनी १९४५ मध्ये दीपावली हे वार्षिक सुरू केले. रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) यांच्या रत्नप्रभा वार्षिकाचाही या संदर्भात उल्लेख करावा लागेल. सत्यकथा (१९३३–८२) मासिकात आधुनिक चित्रकलेची चर्चा साहित्यचर्चेच्या शेजारी येत राहिली. ज्ञानेश्वर नाडकर्णी (१९२८–२०१०) यांनी मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चित्रकला व रंगभूमी यांविषयी दीर्घकाळ लेखन केले.

संपूर्णपणे दृश्यकलेस वाहिलेले मराठी वार्षिक म्हणून चित्रकार-पत्रकार सतीश नाईक यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या चिन्हचे स्थान महत्त्वाचे आहे. चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) हे प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहिले व स्वतःविषयी फारच थोडे बोलले. त्यांच्या स्नेही-सहकाऱ्यांच्या आठवणी चिन्हने संपादित करून प्रसिद्ध केल्या आणि २०१६ मध्ये त्यांविषयीचा ग्रंथही प्रकाशित झाला. ज्या कलावंताने लिखित पुरावा मागे ठेवला नाही, त्याचे चरित्र संपादनाच्या मार्गाने कसे उभे राहू शकते, याचा हा नमुना होय.

कोल्हापूर : छत्रपती शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) कोल्हापुरात चित्र, शिल्प, संगीत, नाट्य व मल्लविद्या यांना राजाश्रय मिळाला. तत्पूर्वीच या नगरीत वास्तववादी चित्रणाची जाण रुजू लागली होती. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचा जन्म कोल्हापूरचा. ते १८९० मध्ये जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले व तेथेच अध्यापन करून १९३१ मध्ये निवृत्त झाले. कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे (१९४०) या त्यांच्या आठवणीपर पुस्तकात संस्थेतील शिक्षक, विद्यार्थी, प्रदर्शने व मतभेद यांची तपशीलवार नोंद आहे. पत्रकार नसलेल्या चित्रकाराने केलेली ही नोंद मुंबईच्या कलेतिहासाचे एक प्रमुख साधन ठरली.

याच्या उलट उदाहरण आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांचे. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा श्रेष्ठ चित्रकार कोल्हापुरास परतला, राजाश्रयाखाली राहिला आणि कोटितीर्थ, रंकाळा व पंचगंगेच्या परिसराची निसर्गचित्रे आयुष्यभर रंगवीत राहिला. पाण्यावरील ओला प्रकाश व झाडांच्या गर्दीतील सावली यांचे त्यांनी केलेले चित्रण आजही अभ्यासकांस स्तिमित करते. मात्र त्यांच्या हयातीत त्यांच्या कामाची पद्धतशीर नोंद झाली नाही. त्यांचे जन्मवर्षही निरनिराळ्या लेखकांनी वेगवेगळे दिले आहे. शाहू महाराजांच्या निधनानंतर त्यांनी आपली अनेक चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी आख्यायिका प्रचलित आहे. ती खरी की कल्पित, हे ठरविण्यास उपयोगी पडेल असा समकालीन वृत्तांत हाती नाही. त्यांच्या चित्रांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत. एकूण निर्मितीचा अंदाज मात्र ऐकीव माहितीवरच अवलंबून राहतो. लिखित नोंदीच्या अभावी चरित्राची जागा दंतकथा घेते, हे यावरून ध्यानात येईल.

आनंदराव पेंटर (मृत्यू १९१६) व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) या मिस्त्री बंधूंच्या बाबतीत प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. त्यांनी नाटक कंपन्यांसाठी रंगविलेले पडदे हे त्या काळी नाट्यप्रयोगाइतकेच आकर्षणाचे विषय होते. पुढे बाबूरावांनी चलत्‌चित्रणाचा कॅमेरा तयार करविला, १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली व १९२० मध्ये सैरंध्री हा मूकपट प्रदर्शित केला. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत व चित्रपटाची माहिती देणाऱ्या सचित्र पुस्तिकाही काढीत. पडदे वापरून जीर्ण झाले. नायट्रेट फिल्मवरील मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. सैरंध्री व सावकारी पाश (१९२५) आज उपलब्ध नाहीत. सती सावित्री व मुरलीवाला (दोन्ही १९२७) यांचे काही भाग राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या जडणघडणीतील एका महत्त्वाच्या कलावंताच्या कामाचा मोठा भाग आज केवळ छायाचित्रे, पुस्तिका, जाहिराती, परीक्षणे व आठवणी यांच्या आधारेच अभ्यासावा लागतो. १९२५ च्या सावकारी पाशमधील ग्रामीण दारिद्र्याच्या वास्तव चित्रणाविषयी जे काही सांगता येते, ते पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले म्हणून. वृत्तपत्रांनी त्या वेळी ‘टाकाऊ’ समजून फेकून दिलेले कागद येथे मूळ साधनांच्या योग्यतेस पोहोचले आहेत.

कोल्हापूरच्या कलावंतांची सलग नोंद करण्याचे श्रेय मुख्यतः माधवराव बागल (१८९५–१९८६) यांना द्यावे लागते. हंटर पत्राचे संपादक व सत्यशोधक कार्यकर्ते खंडेराव बागल हे त्यांचे वडील. वृत्तपत्र म्हणजे समाजाला जागे करण्याचे साधन, हा संस्कार त्यांना घरातच मिळाला, जे. जे. स्कूलमध्ये त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. पुढे सत्यशोधक चळवळ, १९३९ मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर संस्थान प्रजा परिषद, कारावास व संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन यांत त्यांचे आयुष्य व्यतीत झाले. चित्रकार म्हणून होऊ शकली असती अशी त्यांची कारकीर्द राजकारणाने आटोपती घेतली. परंतु चित्रकाराची नजर त्यांच्या लेखणीत उतरली. कला आणि कलावंत व कोल्हापूरचे कलावंत ही त्यांची पुस्तके या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. संस्थानी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या या लेखकाने त्याच राजवटीच्या आश्रयाखाली वाढलेल्या कलावंतांचे गुण लोकांपुढे मांडले. राजाश्रय संपल्यावर कलेस लोकाश्रय मिळावयाचा असेल, तर लोकांना आपले कलावंत माहीत असले पाहिजेत, हे सूत्र त्यांच्या कलाविषयक कार्यातून प्रतीत होते. त्यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभारण्यात आले. आंबेडकरांच्या हयातीत उभारलेला त्यांचा पुतळा म्हणून त्यास ऐतिहासिक महत्त्व असून तो शिल्पकार बाळ चव्हाण यांनी घडविला. शिल्प हा चौकातील माणसाशी बोलणारा मजकूर आहे, या भावनेने बागलांनी कला व प्रचार यांची सांगड घातली. मात्र चळवळीतील लेखकाचा आवेश त्यांच्या कलालेखनातही येतो आणि चिकित्सेपेक्षा गौरवाकडे त्याचा कल राहतो, ही त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. त्यांना १९७२ मध्ये पद्मभूषण हा किताब देण्यात आला.

बागलांच्या पुढच्या पिढीत चित्रकार बाबूराव सडवेलकर (१९२८–२०००) यांनी हे कार्य अधिक चिकित्सक भूमिकेवरून पुढे नेले. कोल्हापुरात जन्मलेले सडवेलकर जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि १९७५ पासून महाराष्ट्राचे कलासंचालक होते. वर्तमान चित्रसूत्र तसेच महाराष्ट्रातील कलावंत : आदरणीय आणि संस्मरणीय या पुस्तकांतून त्यांची लेखनदृष्टी दिसून येते. चित्राच्या तंत्राविषयी नेमके बोलणे आणि कलावंताच्या स्वभावाचे चित्र मोजक्या तपशिलांनी उभे करणे, हे त्यांच्या लेखनाचे विशेष होत.

राजाराम महाराजांचे नाव धारण करणाऱ्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांच्या राजारामपुरी या वस्तीत आता कोल्हापूरच्या कलेची एक खूण जतन झाली आहे. चित्रपट-अभिनेते व चित्रकार चंद्रकांत मांडरे (मृत्यू २००१) यांचे तेथील ‘निसर्ग’ हे निवासस्थान त्यांनी आपल्या चित्रांसह शासनाच्या स्वाधीन केले व तेथे चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय उभे राहिले. बाबूराव पेंटर यांच्या १९३६ च्या बोलपट सावकारी पाशद्वारा चित्रपटसृष्टीत आलेल्या मांडरे यांना प्रेक्षक नट म्हणून ओळखत. त्यांची निसर्गचित्रे, व्यक्तिचित्रे व पावडर शेडिंग या तंत्रातील चित्रे मात्र तुलनेने कमी परिचित होती. कागदावर कोरडी पूड चोळून छटांचे क्रमशः गडद होत जाणारे थर निर्माण करण्याचे हे तंत्र केवळ छापील प्रतिकृतीवरून समजणे कठीण असते. ज्या गल्लीत चित्रकार राहिला, तेथेच त्याची चित्रे पाहावयास मिळणे ही कलालेखकाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. वर्णन व वस्तू यांची पडताळणी तेथे ताबडतोब करता येते. आबालालांच्या वाट्यास ही सोय आली नाही.

संपादकाची भूमिका : कलाविषयक नियतकालिकाचा संपादक लेख निवडतो, तसाच विषयांना जन्मही देतो. कोणत्या वृद्ध कलावंताची मुलाखत विलंब न लावता घ्यावी, कोणत्या संग्रहाचे छायाचित्रण करून घ्यावे, कोणत्या विद्यार्थ्याकडून आपल्या शिक्षकाविषयी लिहवून घ्यावे, हे त्याला आधीच हेरावे लागते. छायाचित्राखालील ओळ हा त्याच्या कामाचा सर्वांत लहान, पण सर्वांत टिकाऊ भाग होय. चित्राचे शीर्षक, वर्ष, माध्यम, आकारमान व संग्राहक या पाच गोष्टी तेथे बिनचूक असल्या, तर पन्नास वर्षांनंतरही ते पान उपयोगी पडते; त्यांपैकी एक जरी चुकली, तरी तीच चूक पुढील लेखक उतरून घेतात. प्रतिकृती छापण्याच्या हक्काचाही विचार त्यास करावा लागतो. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये कलाकृतीवरील हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत टिकतो. परीक्षण वा समीक्षा यांसाठी केलेल्या वाजवी वापरास मात्र त्या कायद्यात सवलत आहे.

अडचणी व नीती : लहान शहरात कलावंत, कलाशिक्षक, प्रदर्शनाचे आयोजक व परीक्षण लिहिणारा हे एकमेकांस व्यक्तिशः ओळखतात, पुष्कळदा परीक्षण लिहिणारा स्वतःही चित्रकार असून त्याच दालनात त्याचे प्रदर्शन पुढच्या महिन्यात भरावयाचे असते. अशा स्थितीत कठोर अभिप्राय दिल्यास स्नेह तुटतो, न दिल्यास वाचकाचा विश्वास उडतो. यावर एक मार्ग म्हणजे निकाल देण्याची घाई न करता चित्रात काय आहे, ते कसे साधले आहे व कोठे साधलेले नाही, हे प्रथम नेमकेपणे सांगणे. नेमक्या वर्णनाविषयी कलावंतास तक्रार करण्यास जागा राहत नाही आणि वाचकास स्वतःचे मत बनविता येते. मोठ्या शहरांत १९९० नंतर कलाबाजाराचा विस्तार झाल्यावर निराळी अडचण उद्भवली. विक्रीच्या किंमतीच हे वृत्त ठरू लागले आणि जाहिरातदार दालनांच्या प्रदर्शनाचे तटस्थ परीक्षण करणे अवघड झाले. त्याच सुमारास दैनिकांतील नियमित कलास्तंभांची जागाही आकसत गेली.

या पार्श्वभूमीवर कोशवाङ्मयाकडे वळलेले प्रयत्न लक्षणीय होत. सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेल्या शिल्पकार चरित्रकोशाच्या दृश्यकला खंडात (२०१३) महाराष्ट्रातील चित्रकार, शिल्पकार, उपयोजित कलावंत इत्यादींची चरित्रे एकत्र आली. अशा कोशाचा कच्चा माल म्हणजे नियतकालिकांतील जुने लेख, सूचिपत्रे व मृत्युलेख. जेथे ते नव्हते, तेथे कलावंतांच्या वारसांकडे व शिष्यांकडे चौकशी करूनच माहिती मिळवावी लागते.

जतन : कलापत्रकारितेची स्वतःची साधने तिच्या विषयाइतकीच नाशवंत आहेत. वृत्तपत्राचा कागद काही दशकांत पिवळा पडून तुटतो, छायाचित्रांच्या निगेटिव्ह ओलसर हवेत बुरसतात आणि संगणकावरील मजकूर यंत्र वा मालक बदलताच नाहीसा होतो. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाची ८ ऑगस्ट २०२४ रोजी लागलेल्या आगीत मोठी हानी झाली. अशा वास्तूची पुनर्रचना करताना रंगमंच, सज्जे व छताची रचना कशी होती, हे सांगणारी जुनी छायाचित्रे व लेखी वर्णने हाच आधार असतो. म्हणून नियतकालिकांच्या फायलींची सूची करणे, लेखकांच्या कात्रणवह्या ग्रंथालयांनी स्वीकारणे व जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रदर्शनांची सूचिपत्रे जमा करून ठेवणे या गोष्टी कलापत्रकारितेच्या अंगभूत कार्यातच मोडतात. आज कोणत्याही गावी एखादा चित्रकार तळ्याकाठी बसून काम करीत असेल. त्याच्या चित्रांची संख्या, विषय व काळ पुढील पिढीस निश्चितपणे कळतील किंवा त्याच्या बाबतीतही आख्यायिकाच शिल्लक राहील, हे आज त्याच्याविषयी कोणी लिहितो किंवा नाही यावर अवलंबून आहे.